पासष्टीचा कौलनामा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोकरी-व्यवसायात हयात घालवलेल्या मनुष्याचे पासष्टावे वर्ष जवळ येऊ लागले की त्याच्यापुढे असा एक निर्णय उभा राहतो, की ज्याची तयारी शाळेने, विद्यापीठाने वा कचेरीने त्याच्याकडून कधीच करून घेतलेली नसते. आणि तरीही त्या निर्णयाचे परिणाम त्याला उर्वरित आयुष्यभर वागवावे लागतात. मेडिकेअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी आरोग्यविम्याचा ‘ए’ भाग, ‘बी’ भाग, ते दोन्ही खासगी कंपनीमार्फत एकत्र घेण्याची सोय देणारा ‘सी’ भाग, औषधांचा ‘डी’ भाग आणि याखेरीज पुरवणी विम्याची पुन्हा अक्षरांनीच ओळखली जाणारी एक स्वतंत्र मालिका, एवढे सारे त्याला ठरावीक मुदतीत पारखून घ्यावयाचे असते. यातील एकेक अक्षर अमेरिकन राजकारणातील एकेका दीर्घ संघर्षाच्या अखेरीस झालेल्या तहाचे स्मारक आहे, आणि त्या तहांचा इतिहास ध्यानात घेतल्याखेरीज या निवडीचा अर्थ उमगत नाही व तिच्यात दडलेला धोकाही दिसत नाही.

पासष्ट हा आकडा जर्मनीच्या बिस्मार्ककडून आला, अशी एक समजूत रूढ आहे. परंतु जर्मनीच्या १८८९ च्या कायद्यात वृद्धवेतनाचे वय सत्तर होते आणि ते पासष्टावर आले ते १९१६ साली, म्हणजे बिस्मार्कच्या निधनानंतर अठरा वर्षांनी. अमेरिकेत १९३५ चा सोशल सिक्युरिटी कायदा सिद्ध होत असताना मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आधार घेतला तो स्वदेशातील दाखल्यांचाच. घटक राज्यांच्या वृद्धवेतन योजनांपैकी काहींत पासष्ट तर काहींत सत्तर हे वय होते, रेल्वे कामगारांच्या निवृत्तिवेतनात पासष्ट धरले होते, आणि विमागणित जाणणाऱ्यांच्या हिशेबात पासष्टाला योजनेचा जमाखर्च जुळत होता. याच समितीपुढे आरोग्यविम्याचाही प्रश्न आला होता. पण डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेचा विरोध इतका प्रखर होता की, समितीचे कार्यवाह एडविन विट यांना आणि खुद्द पर्किन्सबाईंना आजारपणाच्या विम्यापायी निवृत्तिवेतनाचा मसुदाही बुडेल अशी धास्ती वाटली, आणि तो विषय बाजूस ठेवण्यात आला. म्हातारपणीच्या पोटाची तरतूद झाली, औषधपाण्याची राहिली. आणि ती होण्यास आणखी तीस वर्षे लागली.

या तीस वर्षांत अमेरिकेतला आरोग्यविमा वेगळ्याच वाटेने वाढला. डॅलस शहरात जस्टिन फोर्ड किंबल यांनी १९२९ साली बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयातर्फे शाळाशिक्षकांशी एक करार केला होता: प्रत्येकाने दरमहा पन्नास सेंट द्यावे आणि त्याच्या मोबदल्यात वर्षाकाठी एकवीस दिवसांपर्यंतचा रुग्णालयातील मुक्काम मिळवावा. ‘ब्लू क्रॉस’ या पुढे देशभर पसरलेल्या व्यवस्थेचे मूळ ते हेच. मग दुसऱ्या महायुद्धात सरकारने वेतनवाढीवर निर्बंध घातले, तेव्हा माणसे टिकवून धरण्यासाठी कारखानदारांनी पगाराऐवजी विम्याचे आमिष दाखवले; आणि १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेला विम्याचा हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नातून कायमचा वगळला. अशा रीतीने विमा नोकरीला जखडला गेला. ज्याची नोकरी संपली त्याचा विमाही संपला, आणि तो संपला नेमका अशा वयात, की जेव्हा रुग्णालयाची पायरी वरचेवर चढावी लागते आणि खिशात पूर्वीइतके पैसे नसतात. खासगी कंपन्यांना वृद्ध हे तोट्याचे गिऱ्हाईक वाटे. पुढच्या साऱ्या लढ्याचे कारण या एका विसंगतीत आहे.

राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना काँग्रेसपुढे ठेवली. डॉक्टरांच्या संघटनेने प्रत्येक सभासदावर पंचवीस डॉलरांची जादा वर्गणी बसवून आणि कॅलिफोर्नियातील व्हिटेकर व बॅक्स्टर या प्रचारतज्ज्ञ दांपत्याला पाचारण करून ती योजना हाणून पाडली. शीतयुद्धाच्या त्या काळात ‘समाजवादी वैद्यक’ हा एकच शब्द लोकांच्या मनात भीती उभी करण्यास पुरेसा होता. सर्वांसाठी विमा मिळत नाही हे दिसून आल्यावर सुधारणावाद्यांनी आपली मागणी निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धांपुरती आकसून घेतली. ऱ्होड आयलंडचे प्रतिनिधी फोरँड यांनी १९५७ मध्ये तसे विधेयक आणले. १९६० मध्ये केर आणि मिल्स यांच्या नावाचा कायदा झाला, पण तो फक्त निर्धन वृद्धांपुरता आणि घटक राज्यांच्या मर्जीवर सोडलेला होता. त्यानंतरचा विरोधाचा एक प्रकार मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९६१ साली डॉक्टरांच्या पत्नींनी आपापल्या घरी शेजारणींना कॉफीला बोलवावयाचे, ग्रामोफोनवर एक तबकडी लावावयाची आणि ती ऐकून झाल्यावर तिथेच बसून आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहावयाचे, अशी एक मोहीमच आखली गेली. तबकडीवरचा आवाज होता त्या वेळचे नट आणि पुढचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचा. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १९६२ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधून वृद्धांच्या प्रचंड मेळाव्यापुढे भाषण करून याला उत्तर देण्याचा यत्न केला. तरी त्याच वर्षी सिनेटमध्ये विधेयक थोड्या मतांनी पडलेच.

१९६४ च्या निवडणुकीत लिंडन जॉन्सन यांना जो अभूतपूर्व कौल मिळाला, त्याने हा कोंडलेला प्रवाह मोकळा झाला. मार्च १९६५ मध्ये कनिष्ठ सभागृहाच्या अर्थसमितीपुढे तीन परस्परविरोधी प्रस्ताव होते. सरकार पक्षाचा प्रस्ताव वृद्धांना रुग्णालयाचा खर्च देण्याचा होता आणि त्यासाठी लागणारा पैसा कामगार व मालक यांच्याकडून पगारातून कापून घ्यावयाचा होता. रिपब्लिकन पक्षाचे जॉन बर्न्स यांचा प्रस्ताव डॉक्टरांच्या फीचाही समावेश करणारा, परंतु ऐच्छिक आणि दरमहा हप्त्याचा होता. डॉक्टरांच्या संघटनेचा तिसरा प्रस्ताव फक्त गरिबांसाठी राज्यांमार्फत मदत देण्याचा होता. समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स हे आर्कान्सासचे सावध, हिशेबी गृहस्थ. इतकी वर्षे हे विधेयक त्यांनीच अडवून धरले होते. त्यांनी तिन्ही प्रस्तावांपैकी एकही न नाकारता ते एकावर एक रचले, आणि त्याला त्रिस्तरीय केक असे नाव पडले. पहिला थर तो ‘ए’ भाग, दुसरा तो ‘बी’ भाग, तिसरा तो मेडिकेड. विरोधकांना बोलण्यास जागाच उरली नाही.

आज पासष्टी गाठणाऱ्याला जो पहिला प्रश्न पडतो, की रुग्णालयाचा आणि डॉक्टरचा विमा वेगवेगळा का आणि एकाला हप्ता असून दुसऱ्याला का नाही, त्याचे उत्तर मिल्स यांच्या या युक्तीत आहे. ‘ए’ भाग हा कष्टाने मिळवलेला हक्क आहे. १९६६ साली त्यासाठी कामगार व मालक यांच्याकडून पगाराच्या ०.३५ टक्के रक्कम प्रत्येकी कापली जाई, आज ती १.४५ टक्के आहे, आणि दहा वर्षांच्या, म्हणजे चाळीस तिमाहींच्या, कमाईवर ज्याने हा कर भरला त्याला तो भाग हप्त्याविना मिळतो. ‘बी’ भाग ही राजीखुशीची वर्गणी आहे. आरंभी ती दरमहा तीन डॉलर होती आणि तेवढेच तीन डॉलर सरकार आपल्या खजिन्यातून घाली. आता वर्गणी जर राजीखुशीची असेल तर माणूस धडधाकट असेपर्यंत ती भरणार नाही आणि अंथरूण धरल्यावर धावत येईल, हे उघड होते. म्हणून कायद्यातच असे कलम घातले गेले की, जो मुदतीत नाव नोंदवणार नाही त्याच्या हप्त्यात विलंबाच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्क्यांची वाढ होईल, आणि ती बहुतेकांच्या बाबतीत हयातभर राहील. आरंभी या कलमाची झळ थोड्यांनाच लागली. आज ती कोणाला लागते, ते पुढे येईलच.

जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मिझूरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी, ट्रूमन यांच्या ग्रंथालयात जाऊन कायद्यावर सही केली. एक्याऐंशी वर्षांचे ट्रूमन शेजारी बसले होते. पहिले कार्ड त्यांना आणि दुसरे त्यांच्या पत्नी बेसबाईंना देण्यात आले. कायदा अमलात यावयाचा होता १ जुलै १९६६ रोजी. मधल्या अकरा महिन्यांत सोशल सिक्युरिटीच्या दप्तराने जे काम केले, ते मला मेडिकेअरच्या साऱ्या इतिहासातील सर्वांत उदात्त प्रकरण वाटते, आणि म्हणून त्यापाशी थोडे थांबणे भाग आहे. पेन्शनीच्या यादीवर असलेल्या प्रत्येक वृद्धाला एक कार्ड टपालाने धाडण्यात आले. ‘बी’ भाग पाहिजे की नको, एवढीच खूण करून आणि सही ठोकून ते परत पाठवावयाचे होते. ज्यांची उत्तरे आली नाहीत त्यांना पुन्हा कार्डे गेली. पण पेन्शनीच्या यादीबाहेर राहिलेल्यांचे काय? शेतावरची एकटी म्हातारी माणसे, डोंगरात राहणारी माणसे, ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशी माणसे यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी दारिद्र्यनिर्मूलनाच्या खात्याने गरीब वृद्धांनाच कामावर घेतले आणि त्यांना दारोदार पाठवले. टपालखात्याची मदत घेतली गेली. रानात एकटे राहणारे कोणी जख्ख म्हातारे असतील तर त्यांना हुडकून काढण्यास वनखात्याच्या रखवालदारांना सांगण्यात आले. ‘बी’ भागासाठी ३१ मार्च १९६६ ही मुदत ठेवलेली होती. ती अपुरी पडते असे दिसताच काँग्रेसने ती ३१ मेपर्यंत वाढवली. १ जुलैला सुमारे एक कोटी नव्वद लाख वृद्ध मेडिकेअरच्या छत्राखाली आले, आणि त्यांतील दहापैकी नऊहून अधिक जणांनी ‘बी’ भागही घेतलेला होता.

त्याच महिन्यांत आणखी एक घटना घडली, जिचा या निवडीशी थेट संबंध नसला तरी जी वगळून मेडिकेअरचा इतिहास लिहिणे हा अपराध ठरेल. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेस वर्णभेद पाळता येत नव्हता. दक्षिणेकडील असंख्य रुग्णालयांत काळ्या रुग्णांचे कक्ष तळघरांत असत, काही ठिकाणी तर त्यांना प्रवेशच नसे. सुमारे एक हजार सरकारी कर्मचारी आणि स्वयंसेवक या रुग्णालयांची तपासणी करीत फिरले, आणि मेडिकेअरचे पैसे हवे असतील तर खाटांची ही वाटणी मोडा, असे त्यांनी व्यवस्थापकांना स्पष्ट बजावले. कित्येक पिढ्यांनी दगडी भिंतीप्रमाणे अभेद्य मानलेली ती रीत बव्हंशी चार-सहा महिन्यांत मोडली.

ट्रूमन दांपत्याला मिळाले तसले कार्ड पुढे पन्नास वर्षे चालले. पांढऱ्या कागदाचे, वरच्या अंगाला निळा व लाल पट्टा, मध्ये नाव, त्याखाली क्रमांक, आणि ‘रुग्णालय’ व ‘वैद्यकीय’ या दोन ओळींपुढे ज्या दिवशी हक्क सुरू झाला त्या तारखा. क्रमांक म्हणजे सोशल सिक्युरिटीचा आकडा आणि त्याच्या शेवटी एक अक्षर. स्वतः कमावून हक्कदार झालेल्याला ‘ए’, कमावत्याच्या पत्नीला ‘बी’, आणि विधवेला ‘डी’. जन्मभर घर सांभाळलेल्या बाईच्या कार्डावर आकडा नवऱ्याचा आणि अक्षर मात्र तिचे असे. तो वारला की अक्षर बदलून येई. भागांची अक्षरे वेगळी आणि ही अक्षरे वेगळी, हे पुष्कळांना आयुष्यभर कळले नाही. चोरांना सोशल सिक्युरिटीचा क्रमांक आयता मिळू लागल्यामुळे २०१५ च्या कायद्याने ही पद्धत रद्द झाली आणि २०१८ पासून अकरा अक्षरांकांची नवी कार्डे आली.

१९६५ या सालाचा महाराष्ट्राशीही एक धागा आहे. मेडिकेअरच्या सहीनंतर दोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, जॉन्सन यांनीच स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी परदेशी नागरिकांच्या प्रवेशाचा नवा कायदा मंजूर केला आणि देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत संपवली. एका कायद्याने रुग्णालयांत रुग्ण वाढवले आणि शिकाऊ डॉक्टरांच्या वेतनाचा भारही मेडिकेअरच्या निधीने उचलला. दुसऱ्याने त्या जागा भरण्यास परदेशी डॉक्टरांना वाट करून दिली. मुंबईच्या ग्रँट आणि गोवर्धनदास सुंदरदास, पुण्याच्या बैरामजी जीजीभाई वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेली किती तरी तरुण मुले-मुली त्या वाटेने गेली. त्यांच्या मागोमाग अभियंते गेले. ज्या निधीतून त्यांचे पहिले विद्यावेतन आले, त्याच निधीत त्यांच्या पगारातून पुढे तीस-चाळीस वर्षे कपात जमा होत राहिली. ती पिढी आज मेडिकेअरची खातेदार आहे.

मूळ मेडिकेअर उदार असली तरी सर्वस्वी पुरी पडणारी नव्हती. रुग्णालयात दाखल झाल्यावर विमा लागू होण्यापूर्वीची एक ठरावीक रक्कम रुग्णाने स्वतः भरावयाची असते; ती १९६६ मध्ये चाळीस डॉलर होती आणि २०२५ मध्ये १,६७६ डॉलर झाली. डॉक्टरांच्या मान्य फीचा पाचवा हिस्सा रुग्णाकडे राहतो, आणि त्याला वरची मर्यादा नाही. या उणिवा भरून काढण्यासाठी खासगी कंपन्यांनी पुरवणी विमा काढला, त्याला मेडिगॅप म्हणतात. सत्तरच्या दशकात या धंद्यात अनाचार माजला. म्हाताऱ्या माणसाच्या भीतीचा फायदा घेऊन एकालाच तीन-तीन, चार-चार पुरवण्या विकणारे दलाल गावोगाव फिरत, आणि त्यांतील दुसरी व तिसरी पुरवणी काडीच्याही उपयोगाची नसे. फ्लॉरिडाचे वृद्ध प्रतिनिधी क्लॉड पेपर यांच्या समितीने १९७८ मध्ये याची चौकशी चव्हाट्यावर आणली, १९८० मध्ये सौम्य आणि १९९० मध्ये कडक कायदा झाला. या दुसऱ्या कायद्याने पुरवण्यांचे दहा ठरावीक नमुने आखून दिले, एका अक्षराखाली कोणत्याही कंपनीने तीच सवलत दिली पाहिजे असे बंधन घातले, आणि पासष्टी ओलांडून ‘बी’ भाग सुरू होताच सहा महिने असे ठेवले की, त्या अवधीत प्रकृतीचे कारण सांगून कोणतीही कंपनी अर्जदाराला नाकारू शकत नाही.

हे सहा महिने या साऱ्या विषयाचे मर्म आहेत. ते उलटल्यावर काही अपवादात्मक प्रसंग सोडले, तर कनेक्टिकट, मेन, मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्क ही चार राज्ये वगळता अन्यत्र कंपनी अर्जदाराच्या रोगांची यादी मागू शकते आणि तिला वाटल्यास दार लावून घेऊ शकते. पासष्टाव्या वर्षी मधुमेह नाही, हृदय ठीक आहे, म्हणून पुरवणीचा दरमहाचा खर्च वाचवणाऱ्या माणसाला पंचाहत्तराव्या वर्षी ती हवीशी वाटते तेव्हा ती सहसा मिळत नाही. जे वर्षाला बदलता येते आणि जे जवळजवळ कायमचे आहे, त्यांतील भेद जाहिरातींत ठळक अक्षरांनी कधी छापलेला नसतो.

आता ‘सी’ आणि ‘डी’ ही अक्षरे कशी आली ते पाहू. आणि त्यासाठी १९८८-८९ चा प्रसंग सांगणे अवश्य आहे. रेगन राष्ट्राध्यक्ष असताना, १९८८ मध्ये, दोन्ही पक्षांच्या मोठ्या बहुमताने एक कायदा झाला, की ज्याने रुग्णाच्या खर्चाला वरची मर्यादा घातली आणि औषधांचाही अंतर्भाव केला. भार मात्र वृद्धांवरच टाकण्यात आला: सुस्थितीतील वृद्धांकडून पहिल्या वर्षी प्रत्येकी आठशे डॉलरपर्यंत जादा आकार घ्यावयाचा होता. ज्यांच्याकडे जुन्या नोकरीची पुरवणी आधीच होती त्यांना आपण फसवले गेलो असे वाटले. १७ ऑगस्ट १९८९ रोजी शिकागोमध्ये अर्थसमितीचे अध्यक्ष डॅन रोस्टेनकोव्स्की सभेतून बाहेर पडले, तेव्हा संतप्त वृद्धांनी त्यांची मोटार अडवली. शेवटी त्यांना मोटारीतून उतरून पायी पळ काढावा लागला. वर्ष संपण्यापूर्वी कायदा जवळजवळ समूळ रद्द झाला. मला वाटते, यानंतर एका संपूर्ण पिढीच्या विधिमंडळाने मनाशी गाठ बांधली, की वृद्धांवर काही सरसकट लादावयाचे नाही, जे काही द्यावयाचे ते ऐच्छिक ठेवावयाचे आणि शक्यतो खासगी कंपन्यांमार्फत द्यावयाचे. सार्वत्रिक तरतुदीचे धाडस गेले, आणि तिच्या जागी पर्यायांची संख्या वाढत राहिली.

खासगी आरोग्यसंस्थांना ठोक रक्कम देऊन त्यांच्याकडे मेडिकेअरचे खातेदार सोपवण्याची सोय १९८२ च्या कायद्याने आधीच झाली होती. १९९७ मध्ये तिला ‘सी’ भाग म्हणून स्थान मिळाले आणि २००३ मध्ये मेडिकेअर ॲडव्हान्टेज हे नाव व भरघोस अनुदान मिळाले. त्याच २००३ च्या कायद्याने ‘डी’ भाग जन्मास घातला. नोव्हेंबर महिन्यातील एका पहाटे कनिष्ठ सभागृहात त्यावरचे मतदान बहुमत जुळेपर्यंत जवळजवळ तीन तास चालू ठेवण्यात आले होते. औषधांचा विमा १ जानेवारी २००६ पासून सुरू झाला. त्यात मधेच एका टप्प्यावर मदत थांबून सारा खर्च रुग्णावर पडे, ते भगदाड बुजवण्यास २०२० साल उजाडले, आणि २०२२ च्या कायद्यामुळे २०२५ पासून औषधांवरील स्वतःच्या खर्चास वार्षिक मर्यादा आली; त्या वर्षी ती दोन हजार डॉलर होती. १९८९ मध्ये जे फेकून दिले, त्यातील एका भागाकडे परत यायला छत्तीस वर्षे गेली. दरम्यान ‘सी’ भाग इतका फोफावला की २०२३ मध्ये मेडिकेअरच्या खातेदारांपैकी निम्म्याहून अधिक त्यात होते, आणि एकेका माणसापुढे सरासरी चाळीसहून अधिक योजना मांडलेल्या होत्या. त्यांत हप्ता थोडा किंवा नाहीच, दात व चष्म्याची थोडी सोय, खर्चाला मर्यादा. उलट डॉक्टर व रुग्णालये नेमून दिलेली, आणि मोठ्या उपचारांना कंपनीची पूर्वपरवानगी. प्रथमच यात शिरलेल्यास पहिल्या वर्षभरात पुरवणीसह मूळ मेडिकेअरकडे फिरण्याची मुभा आहे. पुढे पुरवणीची ही हमी सहसा नसते.

सर्वांत मोठा फेरफार मात्र मेडिकेअरच्या कायद्यात झालाच नाही. १९८३ साली सोशल सिक्युरिटीची तिजोरी वाचवण्यासाठी पूर्ण निवृत्तिवेतनाचे वय टप्प्याटप्प्याने सदुसष्टपर्यंत वाढवण्यात आले. मेडिकेअरचे पासष्ट तेच राहिले. तोवर ही दोन्ही एकाच दिवशी, एकाच दप्तरातून घरी येत. पेन्शन आधीपासून घेणाऱ्याला आजही कार्ड न मागता टपालाने येते. पण पूर्ण पेन्शनीसाठी जो सदुसष्टाची वा सत्तरीची वाट पाहतो त्याला मेडिकेअरसाठी स्वतः अर्ज करावा लागतो, आणि त्याची मुदत वाढदिवसाच्या महिन्यासह मागचे तीन व पुढचे तीन अशी सात महिन्यांची आहे. वीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या मालकाचा विमा चालू असेल तर थांबता येते, आणि नोकरी सुटल्यावर आठ महिन्यांची खास मुदत मिळते. नोकरी सुटल्यावर जुनाच विमा पदरचे पैसे भरून चालू ठेवण्याची जी ‘कोब्रा’ नावाची सोय आहे, ती मात्र या कामी धरली जात नाही. विमा आहे या विश्वासावर दीड वर्ष स्वस्थ बसलेल्या सज्जनांना दहा टक्क्यांचे ते जुने कलम इथे गाठते, आणि त्यात त्यांचा आळस वा लोभ शोधूनही सापडत नाही.

अमेरिकेतील मराठी निवृत्तांना या कोड्यात आणखी एक पदर आहे. मेडिकेअर देशाबाहेर जवळजवळ काहीच देत नाही. हिवाळ्याचे चार महिने पुण्यात वा रत्नागिरीकडे काढणाऱ्याला ‘सी’ भागाची स्थानिक योजना घेताना हे पाहावे लागते की, सेवाक्षेत्राबाहेर सहा महिन्यांहून अधिक राहिल्यास सामान्यतः नाव कमी होते. पुरवणी विम्याच्या काही नमुन्यांत परदेशी तातडीच्या उपचारांचा चार पंचमांश खर्च मिळतो, पण प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांत आणि आयुष्यात एकूण पन्नास हजार डॉलरपर्यंतच. कायमचे परतावे की नाही याविषयी ज्याचे मन डळमळते, त्याने ‘बी’ भाग सोडला आणि पुढे नातवंडांसाठी तो पुन्हा अमेरिकेत आला, तर हप्ता वाढलेला असतो. मुलांनी बोलावून घेतलेल्या आईवडिलांचा प्रश्न याहून बिकट. ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षे राहिल्यानंतरच त्यांना मेडिकेअर विकत घेता येते, आणि तिथे कधी कमावलेले नसल्यामुळे ‘ए’ भागालाही हप्ता पडतो. २०२५ मध्ये तो दरमहा ५१८ डॉलर होता. तिथल्या मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांना जोडून ज्येष्ठांसाठी ‘उत्तररंग’ नावाचे मेळावे भरू लागले, यामागे एकत्र येण्याच्या हौसेइतकीच ही निकडही असली पाहिजे, असे माझे मत आहे.

१९९० च्या ज्या कायद्याने पुरवण्यांना शिस्त लावली त्यानेच प्रत्येक राज्यात मोफत सल्ल्याची व्यवस्थाही निर्माण केली. या व्यवस्थेतील सल्लागार बहुधा स्वतः निवृत्त असलेले स्वयंसेवक असतात. गावच्या ग्रंथालयात वा ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात ते बसतात, आलेल्याकडून औषधांच्या बाटल्यांवरची नावे आणि मात्रा उतरवून घेतात, कोणत्या डॉक्टरांवाचून चालणार नाही ते विचारतात, नोकरी कधी सुटली त्या तारखेचा मालकाचा दाखला पाहतात, आणि मगच योजनेची गोष्ट काढतात. त्यांना कमिशन मिळत नाही, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आहे. पण त्यांची संख्या थोडी आणि १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या वार्षिक मुदतीत घरोघरी येऊन पडणाऱ्या जाहिरातींचे भेंडोळे मोठे.

डिसेंबर २०२० मध्ये काँग्रेसने नोंदणीच्या नियमांत एक इष्ट दुरुस्ती केली. पूर्वी मुदत चुकलेल्याने जानेवारी ते मार्चमध्ये नाव नोंदवले तरी विमा जुलैपर्यंत सुरू होत नसे. २०२३ पासून तो पुढल्या महिन्यातच सुरू होतो. या दुरुस्तीच्या मूळ मसुद्यात आणखी एक कलम होते: पासष्टी जवळ आलेल्या प्रत्येकाला सरकारने वेळेवर पत्र पाठवून मुदत, हप्ता आणि विलंबाचा दंड यांची माहिती द्यावी. ज्या सरकारने १९६६ मध्ये रानातल्या एकाकी म्हाताऱ्यांपर्यंत माणसे धाडली होती, त्याला हे एक पत्र जड जावयाचे कारण नव्हते. ते कलम अंतिम कायद्यात उतरले नाही. त्यासाठी निराळे विधेयक मांडावे लागले, आणि वृद्धांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्था त्याचा पाठपुरावा करीत आहेत.